पत्र्यावर ठेवायचा वीतभर बर्फ

हृषी,

आज सकाळी ताकिझावा-सान तुझ्या-माझ्या घराच्या छपरावर चढले होते. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, डोक्याला हेल्मेट, कमरेला दोर. मी खाली शिडी धरून उभी. इथला नियमच आहे तो, छपरावर एक माणूस असला की खाली एक हवा. हा नियम मला तू गेल्यावर कळला, असा घरच्यांचा समज आहे. तासाभरानं ते खाली उतरले आणि मी वर बघितलं. पत्रा कुठेच उघडा पडला नव्हता. वीतभर बर्फ त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला होता, फावड्यानं वरून सारखा करून. मी त्यांना चहाला थांबा म्हणाले, पण ते नेहमीसारखे कमरेत वाकले आणि समोरच्या त्यांच्या घरी निघून गेले.

तू जाऊन सव्वीस दिवस झाले. आई-बाबा तुला कलशात घालून पुण्याला घेऊन गेले, त्यालाही पंधरवडा होईल. मी घर आवरायला म्हणून मागे राहिले आणि अजून एक कपाटसुद्धा आवरलेलं नाही. तुझे मोजे कोतात्सूच्या रजईखाली होते तिथेच आहेत. त्या बुटक्या गरम टेबलात पाय घालून तू दिवसभर कोडिंग करायचास आणि मोजे तिथेच काढून टाकायचास. किती भांडले असेन मी त्या मोज्यांवरून! आता रोज पाय लागला की त्यांना हात न लावता पाय बाजूला घेते.

तुझ्याबद्दल चांगलं लिहायला बसले होते मी. तुझ्या ऑफिसातल्या मुलांनी मागितलंय, स्मरणसभेत वाचायला. 'हृषीकेश हा सदैव हसतमुख' इथपर्यंत लिहिलं आणि फाडलं. तू हसतमुख होतास, खोटं नाही. पण मला तुझ्याशी दुसरंच बोलायचंय, आणि ते सभेत वाचण्यासारखं नाही.

तिकडे शहरात, निशी-कसाईत आपलं काय वाईट चाललं होतं रे? चौथा मजला, खाली कढीपत्ता मिळणारं दुकान, गणपतीत पाच घरांच्या आरत्या. आणि माझं काम. मी लहान मुलांच्या दवाखान्यात दुभाषी होते. आपल्याकडच्या आया तापलेली पोरं घेऊन यायच्या, डॉक्टर जपानीत बोलायचे, मी आपल्या भाषेत सांगायचे. औषध जेवणाआधी की नंतर, ताप किती चढला तर परत यायचं, सगळं. तुला मी दहा वेळा ऐकवलं असेल, दुभाष्यानं स्वतःची अक्कल चालवायची नाही आणि एक शब्द गाळायचा नाही. तू म्हणायचास, "झालं, सुरू झालं मॅडमचं लेक्चर." पण पाहुण्यांपुढे तूच कौतुकानं तो विषय काढायचास.

मग तू ऑफिसच्या सहलीला या डोंगरात आलास आणि बर्फ बघून वेडा होऊन परत गेलास. पुण्यात डिसेंबरात कानटोपी घालून झोपणारा माणूस! कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली होती, नगरपालिका रिकामी पडलेली घरं राहायला देत होती, आणि तू तर बॅगा भरूनच बसला होतास. "अगं एक विंटर. फक्त एक. नाही आवडलं तर मार्चअखेर परत, प्रॉमिस." मी दवाखाना सोडला. सोडताना रडले ते तुला दिसलं होतं, आणि मी ते दिसेल अशा बेतानंच रडले होते.

इथे तू सुखी होतास. हे मला कबूल करायलाच हवं, कारण तेव्हा मी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. पहिला बर्फ पडला तेव्हा तू माझी शाळेतली लाकडी पट्टी घेऊन अंगणात गेलास आणि आईंना फोटो पाठवलास, "आज अकरा सेंटीमीटर." पुढे रोज पट्टीचा फोटो. नाताळापर्यंत पट्टी बुडाली, मग तू झाडूचा दांडा रोवलास, मग तोही बुडाला. ताकिझावाबाईंनी बर्फात पुरून ठेवलेला कोबी दिला, असा पुरला की गोड होतो म्हणून, आणि तू त्याची भजी करून त्यांच्या दारात उभा राहिलास. त्या भज्यांचं नाव काय सांगावं ते तुला येईना. तू नुसता वाकत राहिलास आणि आजोबाही वाकत राहिले. मी आपल्या खिडकीतून बघत होते. हसू आलं होतं मला. हसले असते तर काय बिघडलं असतं?

आणि तो पाण्याचा नाला! रस्त्याकडेच्या नाल्यात बर्फ ढकलायचा, पण प्रत्येक गल्लीला वेळ ठरवून दिलेली, ती पाळायची. तू उत्साहानं भलत्याच वेळी अख्खं अंगण त्यात लोटलंस. नाला तुंबला आणि पाणी खालच्या चार घरांच्या दारात गेलं. सगळी गल्ली गोळा झाली. तू मध्ये उभा, कान लाल, आणि मी शेजारी. त्या दिवशी प्रत्येकाचं बोलणं मी तुला शब्दन् शब्द मराठीत सांगितलं. "या म्हणतायत, शहरातली माणसं आधी विचारत नाहीत. हे म्हणतायत, वेळापत्रक फ्रिजवर लावायला दिलं होतं, ते काय शोभेला?" तू कळवळून म्हणालास, "बास ना गौरी, कळलं." मी म्हटलं, "दुभाष्यानं गाळायचं नसतं." मजा वाटली होती मला. त्या दिवशी एक स्वल्पविरामसुद्धा गाळला नाही मी.

आता त्या शनिवारबद्दल.

शुक्रवारी दवाखान्यातून मेल आली होती. एप्रिलपासून पूर्णवेळ जागा आहे, सोमवारपर्यंत कळवा. मी रात्रभर ती पोटात ठेवली आणि सकाळी पोह्यांबरोबर तुझ्यापुढे टाकली. तू म्हणालास, "मार्चअखेर ठरवायचं ठरलं होतं ना?" मी म्हटलं, "तुझं ठरलं होतं. माझं इथे कोण आहे?" तू म्हणालास, "मी आहे की." इतक्या साधेपणानं म्हणालास. मी उठून ताटल्या उचलल्या आणि नळ सोडला.

तेवढ्यात घंटा वाजली. दारात ताकिझावा-सान, हातात दोर आणि जुनं पिवळं हेल्मेट. आठवडाभर पडून छपरावर कमरेएवढा बर्फ साचला होता आणि तू आज तो उतरवणार असं त्यांना खाणाखुणांनी सांगून ठेवलं होतंस. बूट काढायच्या जागेत ते उभे राहिले आणि बोलू लागले. सावकाश, थांबत थांबत, माझ्याकडे बघून. त्यांची इथली गावंढी बोली मला आता कळते. सगळं कळत होतं. मी हात पुसत ऐकत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं: हे छप्पर, हा बर्फ, हा म्हातारा, ह्या सगळ्यात मला का जुंपलंय? मी काय ह्या माणसाची फुकटची दुभाषी आहे?

तू विचारलंस, "काय म्हणतायत?"

मी म्हटलं, "सांभाळून कर म्हणतायत. दोर दिलाय, तो बांध."

"एवढा वेळ एवढंच बोलले?"

"म्हाताऱ्या माणसांना बोलायला कोणीतरी लागतं."

तू हसलास आणि त्यांना वाकून धन्यवाद दिलेस. ते गेले. तू हेल्मेट घातलंस, आरशात बघितलंस आणि मला विचारलंस कसा दिसतो. मी म्हटलं, "आणि नेहमीसारखं अर्धवट ठेवून खाली येऊ नकोस." तू कोपरे सोडून फरशी पुसायचास, डब्याचं झाकण अर्धंच लावायचास, लग्नापासून माझं हे तुणतुणं होतं. त्यात नवीन काही नव्हतं. पण तुला मी बोललेलं शेवटचं वाक्य ते आहे.

अकराच्या सुमाराला तू वरून ओरडलास, "गौरे, बाहेर ये, बघ! लख्ख! एक कण ठेवला नाही!" ऊन पडलं होतं. मी कोबी चिरत होते. आले असते तर पत्रा चमकताना दिसला असता, आणि त्याबद्दल नुकतंच काय ऐकलं होतं ते कदाचित आठवलं असतं. मी आले नाही. माझा राग अजून नाकावर होता. थोड्या वेळानं धप्प आवाज झाला. छपरावरून बर्फ पडतो तेव्हा होतो तसाच, दिवसातून चारदा होतो तसाच. मी चिरतच राहिले. कोबी चिरला, फोडणी केली, भाजी झाकली, कणीक मळली. मग तुला जेवायला बोलवायला बाहेर आले. शिडी होती, तू नव्हतास. छपरावरून तुझा दोर खाली आला होता आणि बर्फाच्या ढिगात गेला होता.

पुढचं तुला सांगत नाही. मी हातांनी उकरलं, एवढंच. तुझ्या पापण्यांवरचा बर्फ मी पुसला आणि तू डोळे उघडले नाहीस.

पोलीस फार सौजन्यानं बोलले. छपराचे नियम तुमच्या यजमानांना माहीत होते का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "शेजाऱ्यांनी सकाळी येऊन सगळं समजावून सांगितलं होतं." यातला एकही शब्द खोटा नाही. इतकं चोख जपानी मी आयुष्यात बोलले नसेन.

आई-बाबा आले. इथल्या रीतीप्रमाणे बाबांनी आणि मी दोन-दोन काड्यांनी तुझ्या अस्थी उचलल्या. ते मला म्हणत होते, "तू बस बेटा, मी करतो." दुसऱ्या दिवशी ताकिझावा-सान आले, काळ्या सुटात. चटईवर गुडघे टेकून बसले आणि कपाळ जमिनीला लावलं, ते उचलेचनात. म्हणाले, "माझं सांगणं कमी पडलं. त्यांना आमची भाषा येत नाही हे मला माहीत होतं. मी हातानं करून दाखवायला हवं होतं. मी बायकोला दवाखान्यात घेऊन गेलो, ते पुढे ढकलायला हवं होतं. तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला."

आईंनी मला विचारलं, "काय म्हणतायत गं?"

तेव्हा बोलायचं होतं मला. समोर एक म्हातारा माणूस माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन जमिनीला लागला होता. आणि मी म्हणाले, "फार वाईट वाटलं म्हणतायत."

आई म्हणाल्या, "आता वाईट वाटून काय उपयोग? इथे जन्म गेला त्यांचा, पोराला चार शब्द सांगायला काय झालं होतं?" आणि त्यांनी तोंड फिरवलं. तोंड फिरवण्याला दुभाषी लागत नाही. ताकिझावा-साननी ते बघितलं आणि आणखी खाली वाकले. पहिल्यांदा मी रागानं गाळलं होतं, हृषी. ह्या वेळी मी शुद्धीवर होते.

जाताना दारात ते मला हळूच म्हणाले होते, "या घराचं छप्पर आता मी बघेन. तेवढं मला करू द्या." मी मान हलवली. त्यानंतर दोनदा बर्फ साचला आणि दोनदा ते वर चढले. त्यांच्या बायकोचे गुडघे गेलेत, ती खिडकीत बसून नवऱ्याकडे बघत असते. आज तिसरी वेळ. आज त्यांचा पाय किंचित सरकला. काही झालं नाही, दोर आखूड होता, ते लगेच सावरले. पण मी खाली शिडी दोन्ही हातांनी घट्ट आवळली. एक माणूस माझ्या गप्प बसण्यानं गेला आणि आता दुसऱ्याला मी त्याच छपरावर चढवतेय, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

ते घरी गेल्यावर अर्ध्या तासानं मी त्यांच्याकडे गेले. बाईंनी चहा आणला. मी सगळं सांगितलं, सकाळच्या भांडणापासून. तुम्ही जे जे बोललात त्यातलं मी त्याला एकच वाक्य सांगितलं, तुमचं काही चुकलं नव्हतं, चूक माझी आहे, असं मी म्हटलं. स्टोव्हवरच्या किटलीतून वाफ येत होती. त्यांनी ती उचलून खाली ठेवली.

मग म्हणाले, "मला तेव्हा वाटलं होतं. एवढं सगळं एवढ्याशा वाक्यात कसं मावलं? मग मनात आलं, यांची भाषा तशी असेल. मी परत एकदा विचारायला हवं होतं."

आणि पुन्हा वाकले. मला वाटलं होतं ते ओरडतील, निघ म्हणतील. मी त्यासाठीच गेले होते बहुतेक. मी म्हटलं, "आता आमच्या छपरावर चढू नका, प्लीज." चहा ठेवून बाई आत गेल्या होत्या, त्या मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. एरवी गुडघे धरत का होईना, दारापर्यंत सोडायला यायच्या.

आईंना अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. रोज फोन लावते, आणि त्या पहिलं "जेवलीस का गं?" विचारतात. मग मी कोणती भाजी केली ते सांगत बसते. दवाखान्याची मेल तशीच पडून आहे, त्यांनी जागा माझ्यासाठी ठेवलीय. काय कळवू? उद्या कोणाचं तरी तापलेलं पोर मांडीवर घेऊन एखादी बाई माझ्याकडे बघून विचारेल, "डॉक्टर काय म्हणतायत?" मी त्या खुर्चीत कोणत्या तोंडानं बसू?

'क्षमा माग' वगैरे मला म्हणू नकोस. तू म्हणणारच नाहीस म्हणा, तू लगेच "जाऊ दे गं" म्हणशील, आणि मला तेच नकोय. मला काही मिळावं म्हणून हे लिहीत नाहीये. माझ्याकडे तुझं एक राहून गेलंय, ते देते. तू विचारलं होतंस, काय म्हणतायत. ऐक.

ते म्हणत होते: आज ऊन पडणार आहे. ऊन लागलं की खालचा बर्फ सुटतो, तेव्हा घाई करू नका. मी बायकोला दवाखान्यात नेतोय, एकपर्यंत परत येतो. मी येईपर्यंत चढू नका. छपरावर एकट्यानं कधीच जायचं नाही, वर एक, खाली एक. हा दोर घराच्या पलीकडच्या खांबाला बांधा आणि आखूड ठेवा. जमिनीपर्यंत पोचणारा दोर म्हणजे नसल्यातच जमा. आणि महत्त्वाचं, पत्रा दिसेपर्यंत खरवडू नका. वीतभर बर्फ राहू द्या, त्याच्यावर पाय ठरतो, पत्र्यावर ठरत नाही. माझे वडील म्हणायचे, आपण घराचं ओझं हलकं करायला चढतो, छप्पर पुसायला नाही. अर्धवट दिसलं तरी चालतं. तुमच्या यजमानांना सगळं नीटनेटकं करायची हौस दिसते, अंगण बघतो ना मी रोज. त्यांना सांगा, इथे अर्धवट ठेवणाराच शहाणा.

आणि म्हणाले, तुमचं घर बारा वर्षं अंधारात होतं. आता संध्याकाळी दिवा लागतो, तर बायको आमचा पडदा मुद्दाम थोडा उघडा ठेवते. काम झालं की दोघंही जेवायलाच या. तिनं कोबी काढून ठेवलाय, रुशी-साननी ते तळलेलं पुन्हा करावं म्हणते.

एवढं बोलून, तुला मी ते एक वाक्य सांगितल्यावर, त्यांनी मला विचारलं होतं, "सगळं सांगितलंत ना?"

मी हो म्हणाले होते, हृषी. तू शेजारी उभा होतास, हेल्मेट हातात घेऊन, हसत.